सहज जेवणास मंजुरी

बुधवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, अपनी मंडीच्या भाजीबाजारात, मेथीच्या ढिगापाशी निशिगंधा मोहिते हिच्या हातून एक गंभीर सामाजिक चूक घडली. ती म्हणाली, "तुम्हीही या ना."

घडलं ते असं. निशिगंधा मूळची कराडची. तीन वर्षांपासून मोहालीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. मेथी निवडताना तिला सरोजताई भेटल्या. सरोजताई म्हणजे चंदीगडच्या ट्रायसिटी मराठी स्नेहवर्धक मंडळाच्या अध्यक्षांच्या पत्नी. त्यांनी विचारलं, शनिवारी काय करतेस? निशिगंधा खरं बोलली. "उर्मिलाबरोबर जेवायला जाणारे. त्या कोपऱ्यावरच्या मेक्सिकनमध्ये. सहज." एवढ्यावर थांबली असती तर ही गोष्ट झालीच नसती. पण माहेरचं वळण आडवं आलं आणि तिच्या तोंडून ते तीन शब्द निघून गेले.

महाराष्ट्रात 'तुम्हीही या ना' हे निमंत्रण नसतं. ते बोलणं आवरतं घेण्याचं साधन असतं. ऐकणाऱ्यानं 'नको गं, पुन्हा कधीतरी' म्हणायचं, दोघींनी हसायचं आणि आपापल्या मेथीकडे वळायचं. ही रीत इतकी जुनी आहे की तिला कुणी रीतही म्हणत नाही. पण सरोजताईंना चंदीगडात येऊन तीस वर्षं झाली होती. पंजाबात 'या' म्हटलं की माणूस येतो, आणि येताना मेव्हण्यालाही घेऊन येतो.

"हो जी, येते की!" सरोजताई म्हणाल्या. "पक्का! ह्यांनाही आणते."

निशिगंधाच्या हातातली जुडी खाली पडली.

तिचं दुःख समजायला उर्मिला कोण ते सांगायला हवं. उर्मिला अमरावतीची, हवाई दलातल्या प्रसन्नची बायको. प्रसन्नची बदली जोरहाटला झाली होती. क्वार्टरच्या व्हरांड्यात काळ्या पत्र्याच्या पेट्या रांगेत लागल्या होत्या, त्यांच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातले जात होते, आणि रविवारी सकाळी ट्रक येणार होता. दोन वर्षांपूर्वी निशिगंधाला डेंगी झाला, तेव्हा ही उर्मिला बारा दिवस रोज स्कूटरवरून, टॉवेलात गुंडाळलेला पेजेचा डबा घेऊन मोहालीला येत होती. बारा दिवस तिनं चमच्यानं पेज भरवली. बऱ्या झालेल्या निशिगंधानं तिचे आभार मानले नाहीत. मानणार कशी? आपल्यात जवळच्या माणसाचे आभार मानणं म्हणजे त्याला दारात उभं करून पाणी विचारण्यासारखं. त्यानंतर दर दुसऱ्या शनिवारी दोघी त्या मेक्सिकनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायच्या, हात बरबटवून खायच्या, आणि ते दोन शब्द राहून जायचे. आता एकच शनिवार उरला होता. भाजीची पिशवी घेऊन रिक्षात बसलेल्या निशिगंधाच्या मनात जात्याच्या लयीत काहीतरी फिरू लागलं:

*सई निघाली दूरदेशी, तिच्या पेट्यांना काळा रंग*
*दोन शब्द राहिले माझे, कसे धाडू तिच्या संग?*

घरी पोचते न पोचते तोच अध्यक्षांचा फोन आला.

कृष्णकांत काका एका सरकारी कचेरीतून प्रशासन अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. कचेरी मात्र त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांच्या खिशाला तीन रंगांची पेनं असत आणि बोलताना ते समोरच्याला आडनावानं हाक मारत.

"मोहिते, तुमचा अर्ज मिळाला."

"कसला अर्ज, काका?"

"तोंडी. मेथीपाशी केलेला. तो दाखल करून घेतलाय. कलम सात तुम्हाला ठाऊक असेलच."

तिला ठाऊक होतं. मंडळाच्या घटनेतलं कलम सात कसौली प्रकरणानंतर आलं. तीन कुटुंबं इतरांना न सांगता कसौलीला जाऊन आली, फोटोत चुकून एकाचा मोजा दिसला, मोजा ओळखला गेला, आणि मंडळ फुटता फुटता राहिलं. तेव्हापासून असा नियम झाला, की तीन किंवा अधिक सभासद एकत्र अन्नग्रहण करत असल्यास तो मंडळाचा कार्यक्रम समजण्यात यावा.

"तुम्ही दोघी होतात तोवर आमची हरकत नव्हती," काका म्हणाले. "सौ. तिसऱ्या झाल्या. आता हेतू सांगा."

"हेतू काही नाही हो काका. सहज."

"सहज असं लिहिता येत नाही, मोहिते. सहज म्हणजे कुणाच्या मंजुरीनं सहज?"

रात्रीच्या आत परिपत्रक निघालं: 'विषय – सहज जेवण आयोजित करण्याबाबत.' खाली कळवलं होतं की सदर जेवण पूर्णतः अनौपचारिक असून उपस्थिती अनिवार्य आहे, आणि सभासदांनी सहज वेळेवर यावे.

सत्तेचाळीस जणांनी होकार कळवला.

त्या मेक्सिकनमध्ये टेबलं सात होती.

दुकान गुरमीतजींचं. तरुणपणी ते कॅलिफोर्नियात एका मेक्सिकन बाईच्या खानावळीत भांडी घासत होते; तिनं त्यांना मक्याची रोटी हातावर दाबायला शिकवली, आणि त्यांनी तिला सांगितलं की ही तर आमच्या घरची आहे. परत येऊन त्यांनी सेक्टरच्या बाजारात, चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी, हे दुकान काढलं. भिंतीवर एक भलीमोठी वेताची टोपी टांगलेली असे. शनिवारसाठी सत्तेचाळीस माणसं येणार म्हटल्यावर गुरमीतजींना आनंदानं भरून आलं. त्यांनी एकच अट घातली. "बस जी, टाको गरम खाना. तवे से उतरा, मुँह में गया. टाको इंतजार नहीं करता."

त्यांनी हे कुणाला सांगितलं, तर मंडळाला.

गुरुवारी सांस्कृतिक प्रमुख उल्काताईंनी मुद्दा काढला, की मंडळाच्या निधीतून फक्त मराठी संस्कृतीचे कार्यक्रम करता येतात आणि मेक्सिको महाराष्ट्रात नाही. मुद्दा बिनतोड होता. उपसमिती नेमली गेली. तिनं दुपारी गुरमीतजींच्या दुकानात बसून पाहणी केली आणि संध्याकाळी अहवाल दिला: 'सदर पदार्थात खाली मक्याची भाकरी, तीवर घेवड्याची उसळ, तीवर टोमॅटोची कोशिंबीर व लिंबू असून हे ताट पूर्वी आपलेच असावे, असे मानण्यास जागा आहे. मेक्सिकोने ते घडी घालून खाण्याची पद्धत तेवढी स्वतंत्रपणे विकसित केली.' काकांनी त्याला भिन्नमतपत्रिका जोडली, कारण ते सदाशिव पेठेतले आणि त्यांच्या मते ती भाकरी नसून पोळी होती. दोन्ही मतं पटलावर ठेवून मेक्सिको मंजूर झाला.

मग कळलं, शनिवारी नऊ जणांचा उपवास असतो. गुरमीतजींना राजगिऱ्याच्या पिठाचे टाको करायची विनंती झाली, आत बटाट्याची भाजी आणि शेंगदाण्याचं कूट. गुरमीतजी क्षणभर भिंतीवरच्या टोपीकडे बघत राहिले, जणू तिची क्षमा मागत होते. मग म्हणाले, "हो जाएगा जी. भगवान का काम है."

शुक्रवारी कार्यक्रमपत्रिका आली. निशिगंधानं ती ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कारमूर्ती सौ. उर्मिला यांचा परिचय, चार मनोगतं, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय भाषण. त्याखाली, आठव्या क्रमांकावर: 'अनौपचारिक गप्पा – सात मिनिटे.' नवव्यावर आभारप्रदर्शन, आणि सगळ्यांत शेवटी, वेळ उरल्यास, जेवण.

तिनं उर्मिलाला फोन लावला. पलीकडे कुणीतरी पेटी ओढत होतं.

"काय बाप्पा!" उर्मिला हसत म्हणाली. "मी तर घरच्या चपला घालून येणार होते. आता सत्कारमूर्ती झाले. शालीवर कोणती साडी जाईल ते सांग."

"उर्मिला, मला तुझ्याशी जरा बोलायचं होतं."

"मग बोल ना. आठव्या क्रमांकावर आहे."

पण निशिगंधाचं लक्ष नवव्या क्रमांकावर गेलं होतं. आभारप्रदर्शन! जे दोघींत म्हणता येत नाही ते माइकवर म्हणता येतंच की. त्यासाठीच तर आपल्या लोकांनी माइक आणला. तिनं लगेच काकांना गाठलं.

"काका, उद्या मला आभार मानायचेत."

"आभार सहसचिवांकडे असतात."

"या एका वेळी मला द्या ना."

"मोहिते, आज आभार दिले तर उद्या प्रास्ताविक मागाल. लेखी अर्ज सहसचिवांकडे करा."

सहसचिव यतीन तिच्याच कंपनीत, तिच्याच मजल्यावर, तीन खुर्च्या सोडून बसायचा. त्यानं यादी काढून दाखवली. एकोणीस नावं होती. गुरमीतजी होते, समई देणाऱ्या काकू होत्या, साउंडवाला होता, वीजपुरवठा खंडित न करणारं वीज खातं होतं, न पडलेला पाऊस होता.

"यात उर्मिलाचं नाव घाल. एवढंच."

"कसं घालू यार? त्यांचा सत्कार होतोय," यतीननं समजावलं. "सत्कारही घ्यायचा आणि आभारही घ्यायचे? एका व्यक्तीस दुहेरी लाभ देता येत नाही. काकांनी लाल पेनानं लिहिलंय बघ."

खरंच लाल पेनानं लिहिलं होतं.

शनिवार उजाडला तो फुलून. फेब्रुवारीअखेरचं कोवळं ऊन, रस्त्याच्या दुतर्फा काटेसावरीची लाल फुलं पडलेली, आणि सात टेबलांच्या दुकानात सत्तेचाळीस माणसं, एक समई, दोन स्पीकर. उर्मिला मंचावर होती. मंच म्हणजे दोन टेबलं जोडून त्यावर टाकलेलं सतरंजीचं टोक. निशिगंधा मूळ सूचक असल्यानं तिला मानाची जागा मिळाली होती: दाराशी, नोंदणीच्या वहीसमोर. दोघींच्या मध्ये पंचेचाळीस सभासद होते. उर्मिलानं तिथूनच भुवई उडवली. निशिगंधानं इथून ओठ मुडपले. तेवढंच काय ते बोलणं.

बरोबर एकला गुरमीतजींनी पहिला तवा उतरवला. बरोबर एकला उल्काताईंनी स्वरचित स्वागतगीत सुरू केलं.

*मक्याची गं भाकर, तिला घेवड्याचं सारण*
*चंदीगडी जमलो आम्ही, सहज हेच कारण*

कडवी अकरा होती. 'भाकर' आलं की काका दर वेळी माइकपासून दूर, पण ऐकू जाईल असं, "पोळी" म्हणत.

प्रास्ताविकात मंडळाचा इतिहास आला. गुरमीतजी स्वयंपाकघराच्या दारातून डोकावले, थाळी आत नेली. पहिलं मनोगत झालं. गुरमीतजींनी दुसरा तवा उतरवला आणि तोही आत नेला. दुसऱ्या मनोगतात वक्त्यानं उर्मिलाशी आपला परिचय नसल्याबद्दल खेद व्यक्त केला आणि त्यावर बारा मिनिटं घेतली. गुरमीतजी नोंदणीच्या टेबलाशी येऊन खाली बसले.

"मैडमजी," ते निशिगंधाला म्हणाले, "ये शादी है या भोग?" भोग म्हणजे तिकडचं तेरावं.

"सहज है जी," निशिगंधा म्हणाली.

"और आप दोनों तो कोनेवाली टेबल हो. आप यहाँ, वो वहाँ? झगड़ा हो गया?"

"नहीं जी. सत्कार हो गया."

त्यांना शब्द कळला नाही, पण चेहरा कळला. एवढ्यात उरलेली मनोगतंही संपली आणि मंचावर समईपुढे शाल पांघरली गेली, नारळ दिला गेला, टाळ्या झाल्या. दिवा, भेटवस्तू आणि टाळ्या एकत्र दिसल्यावर गुरमीतजींच्या दुकानाला एकच अर्थ माहीत होता. त्यांनी भिंतीवरची टोपी काढली, गर्दीतून वाट काढत जाऊन ती उर्मिलाच्या डोक्यावर ठेवली आणि वाढदिवसाचं गाणं सुरू केलं. सत्तेचाळीसांपैकी तीस जण सवयीनं त्यात सामील झाले. शाल, श्रीफळ आणि ती वेताची टोपी, अशी उर्मिला हसून हसून लाल झाली. काकांनी इतिवृत्तात हिरव्या पेनानं नोंद केली: 'स्थानिक पद्धतीने पगडी.'

मग काकांनी अध्यक्षीय भाषण केलं आणि घंटी वाजवली. "क्रमांक आठ. अनौपचारिक गप्पा सुरू कराव्यात."

दुकान चिडीचूप झालं. आतापर्यंत मनोगतांच्या पाठीमागे शाळा, हप्ते, सासवा सगळ्यांवर मनसोक्त कुजबुजणारी माणसं, गप्पा मारायच्या म्हटल्यावर एकमेकांकडे बघत राहिली. शेवटी सत्कारमूर्तींशी बोलण्यासाठी रांग लागली. निशिगंधा वही टाकून धावली. तिचा नंबर अकरावा होता. सरोजताई सहाव्या होत्या आणि त्यांनी उर्मिलाचे दोन्ही हात धरून जोरहाटला थंडी पडते का हे सविस्तर विचारलं. नववा माणूस बोलत असताना घंटी झाली.

"काका, दोनच शब्द!"

"सात मिनिटं झाली, मोहिते. अनौपचारिकपणाला काही शिस्त आहे की नाही?"

यतीन माइकवर आला. त्यानं घसा साफ केला आणि यादी उघडली. आभारप्रदर्शन सुरू झालं की मराठी माणूस चपला शोधू लागतो. सभा उठली नाही तरी तिचं लक्ष उठतं. ती संधी उर्मिलानं साधली. नारळाच्या शेंडीनं हात चिकट झालेत, धुऊन येते, असं जाहीर करून ती टोपीसकट स्वयंपाकघरात शिरली. निशिगंधा तिच्या मागोमाग.

आत गुरमीतजींनी तवा चढवला. मक्याचा गोळा दोन तळव्यांत दाबला, टाकला, फुगला. भाजलेल्या मक्याचा वास उठला. दोन टाको दोघींच्या हातात आले, इतके गरम की त्या ते या हातातून त्या हातात उडवू लागल्या.

"उर्मिला," निशिगंधा म्हणाली. "ते डेंगीच्या वेळचं. मला तुझे..."

"ए! आभार मानशील तर हा नारळ डोक्यात घालीन," उर्मिला घासातूनच म्हणाली. "कायले मानतेस? मी काय साउंडवाली आहे?"

दाराबाहेरून यतीनचा आवाज आला: "...आणि ज्यांच्याशिवाय माझा आवाज आपणापर्यंत पोहोचलाच नसता, ते आपले साउंडवाले..." टाळ्यांचा कडकडाट झाला.

निशिगंधानं टाकोतून निसटणारा घेवडा बोटानं आत ढकलला. मग म्हणाली, "पेज चांगली होती तुझी."

उर्मिलानं टोपी जरा मागे सारली. टोपीखाली डोळे भरले होते. "मीठ कमी होतं," ती म्हणाली.

"हो. कमीच होतं."

"बारा दिवस सांगितलं नाहीस?"

"तू भरवत होतीस ना."

गुरमीतजींना मराठी येत नव्हतं. त्यांनी आणखी दोन टाको टाकले.

तेवढ्यात दार ढकलून काका आत आले. सत्कारमूर्ती मंचावरून बेपत्ता झाल्याची नोंद करायला ते आले होते. तिन्ही पेनं खिशात, इतिवृत्ताची वही काखेत. त्यांनी दोघींना पाहिलं. मग तव्याकडे पाहिलं. सकाळी दीपप्रज्वलनाच्या तयारीत त्यांचा नाश्ताही राहिला होता. नाकपुड्या हलल्या.

"दोन सभासद," ते सावकाश म्हणाले. "दोनला कलम लागत नाही."

"काका, खा ना," निशिगंधा म्हणाली. आणि या वेळी तिला खरंच तसं म्हणायचं होतं.

"मी खाल्लं तर तीन होतील, मोहिते. तीन झाले की कार्यक्रम. कार्यक्रम म्हटला की प्रास्ताविक, मनोगत..." पण गुरमीतजींनी त्यांच्या हातात टाको ठेवलाही होता, आणि टाको इंतजार करत नाही. काकांनी मागे वळून दाराला आतून कडी घातली. मग एक घास घेतला, डोळे मिटले, आणि अगदी हळू म्हणाले, "भाकरीच आहे गं बाळ."

बाहेर यतीन वीज खात्यापाशी पोचला होता. जेवण साडेचारला लागलं. टाको गार होते आणि सगळ्यांनी ते फार छान असल्याचं सांगितलं.

रविवारी सकाळी ट्रक आला. काळ्या पेट्या चढल्या, सगळ्यांत वर टोपी. गुरमीतजींनी ती परत घ्यायला साफ नकार दिला होता. इतिवृत्तात काकांनी निळ्या पेनानं लिहिलं: 'सहज जेवण नियोजनाप्रमाणे पार पडले. सर्वांचे आभार मानण्यात आले, कुणीही राहिले नाही.' इतिवृत्त गटावर टाकलं गेलं आणि तासाभरात छत्तीस अंगठे आले.

आपण हसलात. छान केलंत. तर आता सहज एक आठवून पाहा. तापात तुम्हाला ज्यांनी पेज भरवली, त्यांना आजवर काही म्हणालात का? नाही ना? आणि साउंडवाल्याचे आभार? मानले असतील. नावानिशी, टाळ्यांसकट, दर वर्षी.